शेजारी उभा असलेला माणूस

2004 साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात दोन डॉक्टरांचा फोटो छापून आला. एक पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक, दुसरे लंडनचे डॉ. जॉन युडकिन. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन, तंतोतंत सारखा होता: 22.3. तक्त्यात पाहिलं तर दोघंही ठणठणीत. पण यंत्राने शरीरातली चरबी मोजली तेव्हा युडकिन यांच्या अंगात ती 9.1 टक्के निघाली आणि याज्ञिकांच्या अंगात 21.2 टक्के. युडकिन मॅरेथॉन पळणारे. याज्ञिकांनी त्या टिपणात स्वतःबद्दल सांगून टाकलं होतं की सकाळी रुग्णालयाच्या लिफ्टचं दार मिटायच्या आत धावत ते गाठणं हाच आपला मुख्य व्यायाम. मधुमेहावर आयुष्य घालवलेल्या शास्त्रज्ञाने स्वतःचं शरीर पुरावा म्हणून जगापुढे ठेवावं, याचं मला फार अप्रूप वाटतं.

हा एका माणसाचा प्रश्न नव्हता. याज्ञिकांच्या गटाने 1993 पासून पुणे जिल्ह्यातल्या खेड्यांत गर्भवती स्त्रियांचा आणि त्यांच्या बाळांचा माग ठेवला होता. तिथली बाळं जन्मतः सरासरी 2.7 किलोची भरली. इंग्लंडमधल्या साउदम्पटनची 3.5 किलोची. आपली बाळं हडकुळी होती, पण कमी होते ते त्यांचे स्नायू. चरबी त्या मानाने टिकून होती. स्नायूंची ही तूट आपल्याकडे पाळण्यातूनच सुरू होते आणि पुढे खुर्चीतल्या नोकरीने, दुचाकीवरच्या जाण्यायेण्याने, भात-पोळीवर भर असलेल्या ताटाने ती वाढत जाते. चाळिशीत हातपाय काड्या आणि पोट पुढे, अशी ठेवण आपल्या प्रत्येक लग्नसमारंभात दिसते. तिला आपण 'खात्यापित्या घरचा' म्हणून सोडून देतो.

सोडून देण्यासारखं ते नाही. जेवणानंतर रक्तात उतरलेली साखर सर्वांत जास्त शोषून घेतात ते स्नायू. स्नायू काम करत असेल तर इन्सुलिनची वाट न पाहताही तो साखर आत ओढतो. हे कोठारच लहान असेल तर साखर रक्तात रेंगाळते. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या 2023 साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात 10 कोटींहून अधिक लोकांना मधुमेह आहे आणि आणखी साधारण 13 कोटी 60 लाख लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत. 2024 साली 'लॅन्सेट ग्लोबल हेल्थ'मध्ये आलेल्या अभ्यासाने सांगितलं की निम्मे प्रौढ भारतीय पुरेशी हालचाल करत नाहीत, आणि त्यात बायकांचं प्रमाण पुरुषांपेक्षा बरंच जास्त आहे.

यावर आपल्याकडचं ठरलेलं उत्तर म्हणजे चालणं. सकाळी पर्वती, संध्याकाळी सारसबाग, नाहीतर सोसायटीतच दहा चकरा. चालणं उत्तमच, ते कुणी सोडू नये. पण जागतिक आरोग्य संघटनेच्या 2020 च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये आठवड्याला 150 ते 300 मिनिटांच्या मध्यम हालचालीखेरीज आणखी एक गोष्ट आहे. आठवड्यातून किमान दोन दिवस सगळ्या मोठ्या स्नायूंना ताण देणारा व्यायाम करा, असं त्यात स्पष्ट म्हटलं आहे. ही दुसरी गोष्ट आपल्या घरांमध्ये पोचलेलीच नाही. वजन उचलणं हे पोरांचं काम, बॉडी दाखवणाऱ्यांचं काम, असा समज पक्का बसला आहे.

तो किती चुकीचा आहे, हे 1990 साली अमेरिकेत मारिया फियाटारोन या डॉक्टरने दाखवून दिलं. बॉस्टनमधल्या एका वृद्धाश्रमातले सरासरी नव्वद वर्षं वयाचे दहा जण तिने निवडले आणि आठ आठवडे त्यांच्याकडून पायांनी वजन ढकलून घेतलं. तेही नाजूक-साजूक नव्हे, त्यांच्या ताकदीच्या मानाने चांगलं जड. अभ्यास पूर्ण करणाऱ्यांची पायातली ताकद सरासरी 174 टक्क्यांनी वाढली. त्यातल्या दोघांनी चालताना काठी वापरणं सोडलं. नव्वदीत स्नायू वाढतो, तर पन्नाशीत 'आता काय होणार' हा प्रश्नच उरत नाही.

दुसरा प्रयोग ऑस्ट्रेलियातल्या ग्रिफिथ विद्यापीठाचा, 2018 साली प्रसिद्ध झालेला. पाळी गेलेल्या, हाडं ठिसूळ व्हायला लागलेल्या 101 बायका. त्यांतल्या निम्म्यांनी आठवड्यातून दोनदा, अर्धा-अर्धा तास, जड वजनाचे स्क्वॉट आणि डेडलिफ्ट केले. बाकीच्यांनी घरी हलका व्यायाम केला. आठ महिन्यांनंतर पहिल्या गटाच्या कण्याची घनता 2.9 टक्क्यांनी वाढलेली होती, दुसऱ्या गटाची 1.2 टक्क्यांनी घटलेली. आपल्याकडे बायकांची पाळी बऱ्याचदा पन्नाशीच्या आतच जाते. त्यानंतर कॅल्शियमची गोळी आणि 'जपून चाल गं' एवढाच सल्ला मिळतो. म्हणून हा प्रयोग मला महत्त्वाचा वाटतो. पण त्यात एक अट होती, आणि बातम्यांमधून ती नेमकी गळून जाते. हे जड वजनाचे सगळे व्यायाम देखरेखीखाली झाले होते. प्रत्येक वेळी शेजारी शिकवणारं माणूस उभं होतं.

ते माणूस नेमकं करतं काय, हे पाहण्यासाठी मी पुण्यातल्या जिममध्ये आणि कोल्हापूरच्या तालमींमध्ये फिरलो, ट्रेनरांशी बोललो, त्यांच्याकडे येणाऱ्यांशी बोललो. नावं इथे देत नाही. पोटापाण्याचा प्रश्न आहे आणि काही जण बोलले ते मोकळेपणाने बोलले.

कोथरूडमधलं एक मध्यम आकाराचं जिम. सकाळी साडेनऊनंतर ऑफिसची गर्दी ओसरते आणि काकूंची बॅच येते. त्यातल्या एक बँकेतून निवृत्त झालेल्या. सलवार-कमीज, पायात नवे बूट, गुडघ्याला निळा पट्टा. त्यांचा ट्रेनर सत्ताविशीचा, सोलापूरकडचा, शाळेत असताना कुस्ती खेळलेला. त्या दिवशी त्याला काकूंना जमिनीवरून वजन उचलायला शिकवायचं होतं. वजन मात्र त्याने तासाच्या पहिल्या अर्ध्या भागात हातात दिलंच नाही. कोपऱ्यातली झाडूच्या दांड्यासारखी एक काठी आणली आणि विचारलं, "काकू, पाठीला लावू का?" त्यांनी मान हलवल्यावर त्याने ती पाठीवर उभी धरली. डोक्याचा मागचा भाग, दोन खांद्यांच्या मधली जागा आणि माकडहाड, अशा तीन ठिकाणी काठी टेकलेली. आता पुढे वाकायचं, पण तिन्ही ठिकाणी काठी सुटता कामा नये.

काकू वाकल्या, काठी माकडहाडापासून सुटली. पाठीची कमान झाली होती. आयुष्यभर फरशी पुसताना, बादली उचलताना, नातवंड कडेवर घेताना त्या अशाच वाकत आलेल्या. त्यांच्या पाठदुखीचं मूळही तेच. "गुडघे नाही काकू, ढुंगण मागं न्या. मागं दार आहे, ते ढकलून बंद करायचंय." पुन्हा काठी सुटली. "पोटात श्वास भरा, कुणी गुद्दा मारणार आहे असं पोट कडक करा. आता." सात-आठ वेळा झाल्यावर एकदा काठी तिन्ही ठिकाणी टेकलेली राहिली आणि काकूंच्या चेहऱ्यावर आश्चर्य उमटलं, कारण मांडीच्या मागचा स्नायू ताणलेला त्यांना पहिल्यांदाच जाणवला होता. तेव्हा कुठे त्याने आठ किलोची केटलबेल पुढ्यात ठेवली, तीही थेट जमिनीवर नाही, दोन रबरी प्लेटांवर उंच करून, म्हणजे फार खाली जावं लागणार नाही. आठ वेळा उचलून झाल्यावर विचारलं, "अजून किती जमले असते?" काकू म्हणाल्या, चार-पाच तरी. त्याने वहीत लिहिलं. पुढच्या वेळी दहा किलो.

मी ती वही मागून पाहिली. दोनशे पानी, शाळेची. प्रत्येक पानावर तारीख, व्यायाम, वजन, किती वेळा, आणि शेवटच्या रकान्यात बारीक अक्षरात शेरे: 'झोप कमी', 'डावा गुडघा आत', 'बीपीची गोळी बदलली', 'लग्नाला जाऊन आल्या, हलकं दिलं'. माझ्या मते ट्रेनरची सगळी विद्या या शेवटच्या रकान्यात आहे.

त्या विद्येला आधारही आहे. 2000 साली अमेरिकेत वीसेक पुरुषांवर एक अभ्यास झाला. सगळ्यांना बारा आठवड्यांचा एकच कार्यक्रम कागदावर दिला होता. फरक इतकाच की एका गटासोबत ट्रेनर होता आणि दुसरा गट आपला आपण करत होता. ट्रेनरवाल्यांची ताकद अधिक वाढली, कारण ते दर आठवड्याला थोडं थोडं वजन वाढवत गेले आणि दुसरे वाढवायला कचरले. 2004 सालच्या आणखी एका अभ्यासात नवशिक्यांना वजन स्वतः निवडायला सांगितलं, तेव्हा त्यांनी आपल्या कमाल ताकदीच्या 42 ते 57 टक्केच निवडलं. ताकद वाढवायला ते कमी पडतं. एकटा माणूस बहुतेक वेळा स्वतःला कमी लेखतो. विशीतला पोरगा मात्र मित्रांसमोर उलट करतो आणि कंबर धरून बसतो. किती, कधी आणि आज नको, हे ठरवायला बाहेरचा डोळा लागतो.

थोडं थोडं वाढवत नेण्याच्या या पद्धतीला आधुनिक वैद्यकात जागा मिळाली ती दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटी. थॉमस डिलॉर्म या अमेरिकी लष्करी डॉक्टरने गुडघ्याच्या दुखापतींनी अंथरुणाला खिळलेल्या सैनिकांना हलक्या, न थकवणाऱ्या कवायतींऐवजी दर आठवड्याला वाढणारं वजन उचलायला लावलं. माणसं लवकर उभी राहिली. 1945 साली त्याने हे प्रसिद्ध केलं आणि दहा-दहा आवर्तनांचे सेट जगभर गेले. आज कोथरूडच्या जिममध्ये 'तीन सेट दहाचे' म्हणतात, त्याचा उगम तिथे आहे.

आपल्याकडच्या तालमीत हे तत्त्व कुणी कागदावर मांडलं नव्हतं, पण पाळलं जात होतं. कोल्हापुरात गंगावेस, मोतीबाग, शाहूपुरी या तालमींत आजही पहाटे लाल माती उकरली जाते आणि प्रत्येक पठ्ठ्याला किती जोर, किती बैठका, हे वस्ताद ठरवतात. नवा आलेला पोरगा पन्नास बैठकांत लटपटतो. वर्षादोन वर्षांत तोच शेकड्यांत मोजू लागतो. आज अमक्याची मेहनत कमी करा, त्याला ताप येऊन गेलाय, हेही वस्तादच सांगणार. खुराक काय, किती वाजता झोपायचं, गावी किती दिवस जायचं, सगळ्यावर त्यांची नजर. शाहू महाराजांनी 1912 साली खासबागेचं मैदान बांधलं, तालमींना आश्रय दिला, तेव्हा त्यांनी कुस्तीबरोबर ही शिकवण्याची परंपराही जगवली.

खाशाबा जाधवांची गोष्ट आपण हेलसिंकी ऑलिंपिकमधल्या 1952 च्या कांस्यपदकावर थांबवतो. मला तिचा आधीचा भाग जास्त मोलाचा वाटतो. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचा हा मुलगा मातीत वाढलेला. 1948 साली लंडनला गेला तेव्हा गादीवरची कुस्ती त्याला परकी होती. तिथे रीस गार्डनर या अमेरिकी प्रशिक्षकाने त्याला थोडक्या दिवसांत गादीचं तंत्र शिकवलं आणि खाशाबा सहावे आले. ताकद, चपळाई सगळं आधीच अंगात होतं. योग्य वेळी शेजारी योग्य माणूस उभा राहिला. पदक त्यानंतर चार वर्षांनी आलं.

महाराष्ट्राने व्यायामाच्या शिक्षकाला एके काळी केवढा मान दिला होता, हे आज आठवावंसं वाटतं. दुसऱ्या बाजीरावाच्या पदरी असलेल्या बाळंभटदादा देवधरांनी मल्लखांब नव्याने उभा केला. अमरावतीत वैद्य बंधूंनी 1914 साली हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाची स्थापना केली आणि 1936 साली त्यांचं पथक बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी भारतीय खेळ दाखवून आलं. पुण्यात कॅप्टन शिवरामपंत दामल्यांनी 1924 साली महाराष्ट्रीय मंडळ काढलं. त्याच वर्षी लोणावळ्यात स्वामी कुवलयानंदांनी कैवल्यधाम सुरू केलं आणि योगाच्या क्रिया प्रयोगशाळेत मोजायला घेतल्या. दादरचं समर्थ व्यायाम मंदिर 1925 चं. औंधचे बाळासाहेब पंतप्रतिनिधी स्वतः सूर्यनमस्कार घालून प्रजेला घालायला लावत. बडोद्याला द. चिं. करंदीकर-मुजुमदारांनी व्यायाम ज्ञानकोशाचे दहा खंड मराठीत काढले. या सगळ्या ठिकाणी फी नाममात्र होती आणि शिकवणाऱ्याला 'सर' नाहीतर 'गुरुजी' म्हणत.

व्यापारी जिमही मराठी माणसाला परकं नाही. विष्णू तळवलकरांनी मुंबईत व्यायामशाळा काढली ती 1932 साली, आणि त्यांच्या पुढच्या पिढ्यांनी तिची देशभर साखळी केली. 1990 नंतर वातानुकूलित हॉल, काचेच्या भिंती, ट्रेडमिलच्या रांगा आल्या. त्यांच्याबरोबर पीटी, म्हणजे पर्सनल ट्रेनिंग आलं. गुरुजींची फी महिन्याच्या वर्गणीतच धरलेली असे. पीटीची वेगळी. महिन्याला बारा सेशन, मेंबरशिपच्या वर काही हजार रुपये, आणि त्यातला मोठा हिस्सा जिमकडे.

इथून बिघाडाला सुरुवात होते. बहुतेक जिममध्ये फ्लोअर ट्रेनरचा पगार तुटपुंजा असतो. खरी कमाई पीटीच्या हिश्श्यातून, आणि महिन्याचं टार्गेट डोक्यावर. सकाळी पाचला जिम उघडायचं, अकराला खोलीवर जायचं, पुन्हा चार ते दहा. दोन पाळ्यांच्या मधल्या वेळात झोप. खोली चौघांत. या पोरांपैकी कित्येक जण कुस्ती किंवा कबड्डी खेळलेले, घरच्या शेतीत भागत नाही म्हणून शहरात आलेले. एकाने मला सांगितलं की व्यायाम शिकवायला आलो आणि दिवसातले चार तास फोनवर मेंबरशिप विकतो. दुसऱ्याचं गाऱ्हाणं वेगळं: मेंबर स्वतःचं स्वतः करायला शिकला की रिन्यूअल जातं, म्हणून मालकच म्हणतो, सगळं शिकवून टाकू नको. ज्याचं काम माणसाला पायावर उभं करणं, त्याचं पोट माणूस अडून राहण्यावर भरत असेल, तर दोष त्या पोराचा नाही. दोष त्याला असं बांधून घालणाऱ्या व्यवस्थेचा आहे, आणि ते मला मनापासून सलतं.

दुसरी उणीव कायद्याची. डॉक्टर, नर्स, फिजिओथेरपिस्ट यांना नोंदणी लागते. साठीच्या, रक्तदाब असलेल्या माणसाकडून वजन उचलून घेणाऱ्या ट्रेनरला कायद्याने कुठलाही परवाना लागत नाही. चांगले अभ्यासक्रम आहेत. एसीई, एनएससीए, एसीएसएम या अमेरिकी संस्थांची प्रमाणपत्रं आपल्याकडचे ट्रेनरही घेतात. एसीईच्या परीक्षेला बसायलाच छाती दाबून जीव वाचवण्याचं, म्हणजे सीपीआरचं प्रशिक्षण लागतं. पण त्यांची फी आणि इंग्रजी पुस्तकं सोलापूरच्या त्या पोराच्या आवाक्यात येईपर्यंत त्याची वर्षं जातात. व्यायामाचा दहा खंडी कोश ज्या भाषेत निघाला, त्या मराठीत आज ट्रेनरसाठी शरीरशास्त्राचं एक धड, अद्ययावत पाठ्यपुस्तक सहज हाती लागू नये, ही खंत मला मोठी वाटते. एखाद्या विद्यापीठाने किंवा जुन्या व्यायाम संस्थेने हे काम अंगावर घ्यावं.

अपुऱ्या शिक्षणाची किंमत मेंबर मोजतो. 2021 मध्ये आणि पुढच्या दोन-तीन वर्षांत जिममधल्या मृत्यूंच्या बातम्यांनी लोक घाबरले. कन्नड अभिनेते पुनीत राजकुमार 29 ऑक्टोबर 2021 ला व्यायामानंतर अस्वस्थ झाले आणि गेले, वय 46. पुढच्या वर्षी दिल्लीत विनोदी कलाकार राजू श्रीवास्तव ट्रेडमिलवर कोसळले आणि महिनाभराहून अधिक काळ रुग्णालयात झुंजून गेले. यावरून व्यायामच धोक्याचा, असा निष्कर्ष काढणं चूक. बसून राहण्याचा धोका त्याहून कितीतरी मोठा आहे. पण चाळिशीपुढच्या, मधुमेह, रक्तदाब किंवा घरात हृदयविकार असलेल्या माणसाने तपासणी न करता पहिल्याच दिवशी धापा टाकेपर्यंत पळू नये, आणि ट्रेनरने त्याला पळू देऊ नये. छातीत दुखतं का, चक्कर येते का, कुठली औषधं चालू आहेत, हे पहिल्या दिवशी विचारायचे साधे प्रश्न आहेत. मी पाहिलेल्या कित्येक जिममध्ये पहिल्या दिवशी फक्त वजन आणि फोन नंबर लिहून घेत होते.

पावडरींचं प्रकरणही त्याच उणिवेतून येतं. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या हिशोबाने सर्वसाधारण प्रौढाला दर किलो वजनामागे दिवसाला 0.83 ग्रॅम प्रथिनं लागतात. साठ किलोच्या माणसाला साधारण पन्नास ग्रॅम. वजन उचलणाऱ्याला त्याहून बरीच जास्त लागतात, हेही खरं. आपल्या शाकाहारी ताटात ती सहज भरत नाहीत, म्हणून डाळ, दही, पनीर, सोयाबीन, शेंगदाणे, चालत असेल तर अंडी, अशी जुळणी करावी लागते. ती जुळणी समजावून सांगायला वेळ लागतो. डबा विकायला दोन मिनिटं पुरतात आणि डब्यावर कमिशनही असतं. 2024 साली केरळमधल्या डॉक्टरांच्या गटाने भारतात विकल्या जाणाऱ्या 36 प्रथिन-पावडरी तपासल्या, तेव्हा सुमारे 70 टक्के डब्यांवर प्रथिनांचं प्रमाण चुकीचं लिहिलेलं आढळलं. त्याच वर्षी राष्ट्रीय पोषण संस्थेने आहाराच्या मार्गदर्शक सूचनांमध्ये अशा पावडरी टाळायला सांगितलं.

याहून वाईट प्रकार इंजेक्शनांचा. मेफेंटरमाइन हे शस्त्रक्रियेच्या वेळी घसरलेला रक्तदाब वर आणण्याचं औषध आहे. ते व्यायामाआधी टोचून घ्यायचं, म्हणजे थकवा कळत नाही, असं वेड तालुक्याच्या गावांपर्यंत गेलं आहे. बेकायदा विक्री करणाऱ्यांवर महाराष्ट्र पोलिसांनी पुन्हा पुन्हा कारवाया केल्या आहेत. थकवा हा शरीराचा निरोप असतो. तो बंद केला की हृदयावर किती ताण पडतोय हे कळायला मार्गच उरत नाही. ज्या जिममध्ये अशा गोष्टीची कुजबुजही कानावर येईल, तिथून आपल्या मुलाला त्याच दिवशी बाहेर काढा.

बायकांच्या बाबतीत अडचण निराळी. फ्लोअरवर बहुतेक ट्रेनर पुरुष, आणि व्यायामाची ठेवण दुरुस्त करताना हात लावावा लागतो. काकूंच्या ट्रेनरने काठी लावण्याआधी विचारलं, हे मी मुद्दाम वर लिहिलं. न विचारता हात लावणारा ट्रेनर कितीही हुशार असला तरी तिथे थांबू नये. पुण्यात, ठाण्यात, नाशिकला आता मुली ट्रेनर होऊ लागल्या आहेत. त्यांच्याकडे साठीच्या आज्याही निर्धास्त येतात. नगरपालिकांच्या व्यायामशाळांत दुपारची वेळ बायकांसाठी राखून तिथे अशा मुलींना नेमलं, तर थोड्या खर्चात मोठं काम होईल.

ट्रेनर निवडायचा कसा, हे मला अनेकांनी विचारलं. दंड पाहून निवडू नका. दंड त्याचे आहेत, गुडघे तुमचे. त्याने घडवलेली तुमच्याच वयाची माणसं दाखवायला सांगा. पहिल्या दिवशी तो जास्त बोलतो की जास्त विचारतो, याकडे लक्ष ठेवा. वही किंवा मोबाइलमध्ये तो तुमची नोंद ठेवतो का, हे पाहा. 'तीन महिन्यांत पंधरा किलो' असं सांगणाऱ्याला नमस्कार करून बाहेर या. एक किलो चरबी म्हणजे सुमारे 7700 कॅलरी; ती उतरायला वेळ लागतोच. पहिल्या महिनाभरात ताकद वाढते, ती मुख्यत्वे मेंदू आणि स्नायूंचं सूत जुळल्यामुळे. आरशात फरक त्यानंतर कितीतरी दिवसांनी दिसतो आणि नेमक्या त्या मधल्या काळात बहुतेक जण जिम सोडतात. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी अंग दुखेल, ते स्वाभाविक आहे. सांधा दुखला किंवा लघवी काळपट झाली तर मात्र तडक डॉक्टर गाठा.

आणि ट्रेनर जन्मभर लागत नाही. चांगल्या ट्रेनरकडे तीन-चार महिने नीट शिकलेला माणूस पुढे एकट्याने करू शकतो. मधून मधून ठेवण तपासून घ्यायला गेलं तरी चालतं. त्या कोथरूडच्या पोराला मी विचारलं, काकू सगळं शिकून गेल्या तर तुझं कसं? तो म्हणाला, काकूंनी त्यांच्या भिशीतल्या तिघींना आणलंय. मालकांनी हे समजून घ्यावं.

22 सप्टेंबर 2025 पासून जिमच्या सेवेवरचा जीएसटी 18 वरून 5 टक्क्यांवर आला आहे. तुमच्या पावतीत तो उतरला का, ते तपासा. दिवाळीच्या ऑफरमध्ये वर्षाची फी एकदम भरू नका; रातोरात शटर ओढलेल्या जिमच्या दारात पावत्या घेऊन उभी असलेली माणसं प्रत्येक शहरात आहेत. आधी एक महिना भरा, आठवड्यातून दोन दिवस शिकवणीचे ठरवा आणि त्या दोन दिवसांना लग्न-मुंजीइतकं महत्त्व द्या. घरात पन्नाशीपुढची बाई असेल, आई, सासू, मावशी, तर पहिलं नाव तिचं घाला.